किहीम येथील सुटीचें घर

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, राजवाडे, रणांगणें आणि तहनामे उभे राहतात. ज्या घरांत कोणी राजा जन्मला नाहीं, जेथें कसलाहि तह झाला नाहीं, ज्याच्या भिंतीवर तोफेच्या गोळ्याची खूण नाहीं, अशा घराचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. आज मी अशाच एका घराविषयीं आपणांशी बोलणार आहें. ज्यास १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत व आतां रायगड जिल्हा म्हणतात, त्या जिल्ह्यांत, अलिबाग तालुक्यांतील किहीम या समुद्रकांठच्या गांवीं हें घर होतें. तें कोणाचें कायमचें वसतिस्थान नव्हतें. मुंबईच्या एका मोठ्या कुटुंबाचें तें सुटींत जाऊन राहण्याचें लहानसें घर होतें. इ. स. १९३० सालीं तेथें एक गृहस्थ नोकरी सुटल्यामुळें आपल्या पत्नीसह राहावयास आला, आणि त्या मुक्कामांत त्यानें जें पाहिलें त्यामुळें पक्षिशास्त्रांत एक नवीन प्रकरण लिहिलें गेलें. त्या गृहस्थाचें नांव सालिम अली.

मी राहतों तें पिंपळगांव रेणुकाई भोकरदन तालुक्यांत, जालना जिल्ह्यांत आहे. आमचें गांव मिरचीच्या बाजारासाठीं ओळखलें जातें. समुद्र आमच्यापासून शेंकडों किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. तेव्हां मराठवाड्यांतील एका शाळामास्तरानें कोंकणांतील घराची उठाठेव कां करावी, असें आपण विचाराल. त्याचें उत्तर भाषणाच्या ओघांत येईल.

प्रथम सुटीचें घर ही वस्तु आपल्याकडे आली कशी तें पाहूं. आपल्या जुन्या जीवनांत ‘गांवीं जाणें’ होतें, ‘आजोळीं जाणें’ होतें, यात्रा होती. गांवीं आपला देव असे, जमिनीचा तुकडा असे, भाऊबंद असत. जेथें आपलें कोणी नाहीं, जेथें कुलदैवत नाहीं, अशा ठिकाणीं केवळ हवेसाठीं घर बांधावें, ही कल्पना इंग्रजी अमदानींत रुजली. महाबळेश्वर गोऱ्या अधिकाऱ्यांनीं वसविलें. माथेरानचा डोंगर ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं पाहिला आणि तेथें वस्ती झाली. १९०७ सालीं नेरळहून माथेरानास जाणारी छोटी आगगाडी सुरू झाली, ती मात्र आदमजी पीरभॉय या एतद्देशीय घराण्याच्या पैशानें. म्हणजे पन्नास-साठ वर्षांत साहेबांची ही चाल मुंबईच्या सधन कुटुंबांनीं आपलीशी केली होती. त्यांतच १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. माणसें शहर सोडून पळूं लागलीं. अशा वेळीं शहराबाहेर मोकळ्या हवेंत आपलें एखादें छप्पर असणें ही केवळ चैन राहिली नाहीं. ‘हवापालट’ हा शब्द मराठींत इतका घरगुती झाला, त्यामागें वैद्याच्या सल्ल्याइतकीच ही भीतिहि असावी असें मला वाटतें.

डोंगरावर जाण्यास जे खर्च करीत त्यांतील कांहीं समुद्र ओलांडूनहि जाऊं लागले. मुंबई बंदराच्या दक्षिणेस, खाडीपलीकडे, मांडवा, सासवणें, आवास, किहीम, थळ अशीं गांवें किनाऱ्यानें एकामागून एक लागतात. नारळी-पोफळींच्या वाड्या, त्यांमागें भाताचीं खाचरें, पूर्वेस कनकेश्वराचा डोंगर आणि पुढें समुद्रांत खांदेरी व उंदेरी हीं दोन बेटें. खांदेरीवर शिवाजी महाराजांनीं १६७९ सालीं किल्ला बांधावयास घेतला, आणि त्याला शह म्हणून सिद्दीनें लगोलग उंदेरीवर ठाणें घातलें. पुढें हा सर्व मुलूख आंग्र्यांच्या आरमाराचा झाला आणि १८४० सालीं इंग्रजांनीं कुलाब्याचें तें संस्थान खालसा केलें. सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर याच भूमींतले. त्यांचीं शिल्पें त्यांच्या घरींच आजहि पाहावयास मिळतात. तेव्हां किनारा कांहीं ओसाड नव्हता; तेथें कोळी, आगरी, माळी, ब्राह्मण, मुसलमान, बेने इस्रायल अशी नानाविध वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. सुटीकरितां येणारा मुंबईकर हा त्यांच्यामध्यें अखेरचा पाहुणा.

या पाहुण्याचा मार्ग नेहमींच सुखाचा नसे. होडीनें किंवा आगबोटीनें रेवस वा मांडव्यास उतरावें आणि पुढें बैलगाडीची वाट धरावी. पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं दर्याची वाट बिकट होई. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेंत वादळी समुद्रांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्यांत बहुसंख्य लोक हवापालटासाठीं जाणारे नव्हते. गिरणींत, गोदींत, घरकामांत मुंबईस राबणारे आणि सणासाठीं आपल्या गांवीं परतणारे असे ते कोंकणी लोक होते. सुटीच्या घराचा इतिहास सांगतांना या दुसऱ्या सुटीची आठवण ठेवणें मला अगत्याचें वाटतें. एकाच पाण्यावरून कोणी विश्रांतीकडे जात असे, आणि कोणी वर्षांतून दोन दिवस घराकडे.

आतां आपल्या घराकडे वळूं. बद्रुद्दीन तय्यबजी हें नांव आपणांस परिचित आहे. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति आणि १८८७ सालीं मद्रास येथें भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष. त्यांचा कुटुंबविस्तार फार मोठा. सुलेमानी बोहरा जमातींतील हें घराणें व्यापारांतून पुढें येऊन विद्या, कायदा आणि सार्वजनिक कार्य यांत अग्रेसर झालें. स्त्रियांच्या शिक्षणाच्या बाबतींत तें आपल्या काळाच्या पुढें होतें. या कुटुंबांत एक सुंदर चाल होती. घरांत ‘अखबार’ म्हणून एक वही ठेवीत, आणि लहान-थोर, स्त्री-पुरुष, ज्याला जें सांगावेंसें वाटे तें तो तींत लिही: कोण आलें, कोण गेलें, काय पाहिलें, कशावर वाद झाला. आज त्या वह्या इतिहासाच्या अभ्यासकांस मोलाच्या वाटतात. जेथें मुलाला पाहिलेली गोष्ट लिहून ठेवण्याची संवय घरांतच लागते, तेथें पुढें एखादा निरीक्षक निपजला तर नवल नाहीं.

सालिम अली या घराण्याच्या मुलीचे पुत्र. प्लेगच्या त्याच वर्षी, १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं, त्यांचा जन्म झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असतां वडील वारले, तीन वर्षांचे असतां आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनीं खेतवाडींतल्या आपल्या घरीं या मुलांचें संगोपन केलें. छऱ्याच्या बंदुकीनें मारलेली एक चिमणी वेगळी दिसली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती तें विचारण्यास हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेला आणि तेथील मिलर्ड साहेबांनीं त्याच्यापुढें पक्ष्यांचें सगळें भांडार उघडलें, ही कथा पुष्कळांस ठाऊक आहे. तितकी ठाऊक नसलेली गोष्ट ही कीं, हा मुलगा अभ्यासांत हुशार गणला जात नसे. १९१३ सालीं तो मॅट्रिक झाला तो कसाबसा. पुढें कॉलेजांत गेला, पण विद्यापीठाची पदवी त्याच्या हातीं आली नाहीं. आमच्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या माणसांना या तपशिलानें थोडा धीर येतो. पण जगाच्या व्यवहारांत त्या पदवीचा अभाव त्यांना फार नडला. भारतीय प्राणिसर्वेक्षणांतील जागा त्यांना पदवी नसल्यामुळें मिळाली नाहीं. १९२६ सालीं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्यें, लोकांना प्राणिविभाग समजावून सांगणारा व्याख्याता म्हणून त्यांना काम मिळालें. १९२८ सालीं ते रजा घेऊन बर्लिनला गेले आणि प्रोफेसर एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखालीं पक्षिशास्त्र शिकले. १९३० सालीं परत येतात तों म्यूझियममधील ती जागाच पैशाअभावीं रद्द झालेली!

विचार करा. तेहतीस वर्षांचा विवाहित माणूस. जर्मनीहून नवी विद्या घेऊन आलेला. आणि हिंदुस्थानांत त्या विद्येला विचारणारें कोणी नाहीं. अशा प्रसंगीं बहुतेक माणसें मिळेल ती कारकुनी पत्करतात, आणि त्यांना दोष देतां येत नाहीं. सालिम अली यांच्यापाशीं एक गोष्ट होती जी बहुतेकांपाशीं नसते: किहीमला कुटुंबाचें घर होतें. तेथें राहिल्यास मुंबईचा खर्च नव्हता, आणि ‘आज काय काम केलेंस’ म्हणून विचारणारा कोणी वरिष्ठहि नव्हता. त्यांच्या पत्नी तहमीना बेगम इंग्लंडांत शिकलेल्या, सुखवस्तु घरांतल्या. पण गांवांतलें साधें राहणें त्यांनीं आनंदानें स्वीकारलें. हें त्यांचें ऋण चरित्रकारांनीं पुरेसें मांडलेलें नाहीं असें मला वाटतें.

घराजवळ झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळा हा त्यांच्या विणीचा हंगाम. खोपा कोणीं पाहिला नाहीं? हजारों वर्षें आपण तो पाहत आलों. परंतु तो कोण बांधतो, कोणासाठीं, कोणत्या क्रमानें, आणि कांहीं खोपे अर्धवट कां राहतात, हें रोजच्या रोज बसून, वही घेऊन, एकेका खोप्याची नोंद ठेवून पाहण्यास अवकाश लागतो. तो अवकाश त्या बेकारीनें आणि त्या घरानें दिला.

तेथें जें दिसून आलें तें थोडक्यांत असें. खोपा विणतो तो नर. गवताच्या, भाताच्या, माडाच्या पात्यांच्या लांब चिरफळ्या चोंचीनें काढून तो एकेक धागा आणतो. एक खोपा पुरा होण्यास अशा शेंकडों खेपा घालाव्या लागतात. प्रथम फांदीला दोर, मग कडें, मग शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा. येथवर आठ-एक दिवस लागतात. येथें तो थांबतो, आणि पंख फडफडवीत माद्यांस बोलावूं लागतो. माद्या येतात, आंत शिरून, विणकर कसा आहे, जागा कशी आहे, तें बारकाईनें पाहतात. पसंत पडलें तर मादी तें घर आपलें म्हणते, आणि नर मग खालची लांब नळी विणून घर पुरें करितो. पसंत पडलें नाहीं तर तो अर्धा खोपा तसाच वाऱ्यावर लोंबत राहतो. आणि नवल पुढेंच आहे. एक मादी अंडीं घालून बसली कीं हा नर त्याच वसाहतींत दुसरा खोपा विणूं लागतो, दुसऱ्या मादीस बोलावतो, जमल्यास तिसरा. एकामागून एक असे हे संसार. सालिम अली यांनीं हा क्रम उलगडला आणि १९३१ सालीं नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत त्यावर निबंध प्रसिद्ध केला. सुगरणीच्या गृहस्थाश्रमाचा अर्थ त्यामुळें नव्यानें लागला. त्या वेळीं लेखकाच्या नांवामागें पदवी नव्हती आणि पुढें नोकरी नव्हती.

आपल्या भाषेची येथें मौज पाहा. या पक्ष्याला आपण ‘सुगरण’ म्हणतों. घर नेटकें राखणारी ती बाई सुगरण, म्हणून हें कौशल्य आपण मादीच्या नांवें जमा केलें. आमच्या पलीकडे, अजिंठ्याच्या डोंगराखालीं उतरलें कीं खानदेश लागतो. तेथील बहिणाबाई चौधरी यांचें सुगरणीच्या खोप्यावरील गाणें शाळेंतील मुलांस तोंडपाठ असतें. त्यांतहि विणणारी मादीच आहे. त्या गाण्याचें मोल या शोधानें तिळमात्र उणें होत नाहीं. शेतावर राबतां राबतां बहिणाबाईंनीं खोपा पाहिला आणि त्यांत आईची माया ओळखली. किहीमला एकानें तोच खोपा पाहिला आणि त्यांत विणकराचे हिशेब ओळखले. पण बहिणाबाईंना पाहावयास अवकाश कितीसा मिळाला, आणि सालिम अलींना किती, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे.

आतां मराठवाड्याचा संबंध सांगतों. किहीमच्या मुक्कामानंतर सालिम अली यांनीं एक विलक्षण प्रस्ताव मांडला. हिंदुस्थानांतील ज्या संस्थानांतील पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी झालेली नाहीं, तेथें मी पाहणी करीन. मला पगार नको, फक्त प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्यावा. या रीतीनें झालेली त्यांची पहिली मोठी पाहणी म्हणजे १९३१-३२ सालची निझामाच्या हैदराबाद संस्थानांतील. त्या वेळीं आमचा भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यांत होता आणि तो जिल्हा त्या संस्थानांत. संस्थान १९४८ सालीं भारतांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९८१ सालीं जालना निराळा जिल्हा झाला. पण ज्या संस्थानाच्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर नोंद झाली, त्याच संस्थानाचा भाग म्हणून आमच्या माळरानांचाहि त्या नोंदीशीं नातेसंबंध आहे. बैलगाडीचा प्रवास, तंबूंतील मुक्काम, आणि तो सर्व संसार चालविणाऱ्या तहमीना बेगम. १९३९ सालीं त्या वारल्या. पुढें १९४१ सालीं सालिम अलींचें भारतीय पक्ष्यांवरील तें प्रसिद्ध पुस्तक निघालें. डिलन रिप्ले यांच्यासमवेत लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळांत पुरा झाला. १९७६ सालीं पद्मविभूषण मिळालें. २० जून १९८७ रोजीं ते निवर्तले. परंतु बिनपगारी पाहणीचें जें धाडस त्यांनीं केलें, त्याचा आत्मविश्वास मला वाटतें किहीमच्या पावसाळ्यांत मिळाला असावा. पगार नसतांहि काम करतां येतें, आणि तें काम जगाला उपयोगी पडतें, याचा दाखला त्यांच्या हातीं होता.

श्रोतेहो, या इतिहासापासून दोन निराळे बोध काढतां येतील. एक सोपा आहे: कष्ट करणाऱ्याला मार्ग सांपडतो, वगैरे. तो मी मुलांना पुष्कळ वेळां सांगितला. पण तो अपुरा आहे. सालिम अली कष्टाळू होते हें खरें. परंतु त्यांच्या कष्टांना डोक्यावर छप्पर होतें, घरच्यांचा आधार होता आणि कोणी हिशेब न मागणारा काळ होता. आमच्या मराठवाड्यांत दिवाळी झाली कीं कित्येक मुलें आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. घर सोडून परगांवीं जाऊन पालांत राहणें एवढीच त्यांची हवापालट. त्या मुलांतहि तीक्ष्ण डोळ्याचीं मुलें असतात. ‘या बाजूला खोपे कां नाहींत?’ असें मला एका मुलानें विहिरीवर विचारलें होतें. नैऋत्येकडून येणाऱ्या पावसाचा मारा चुकविण्यासाठीं खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेच्या अंगास असतात, हें त्यानें पुस्तकांत वाचलें नव्हतें. पुढल्या महिन्यांत तो कारखान्याच्या वाटेला लागला. त्या मुलाला किहीम कोण देणार?

तेव्हां दुसरा बोध असा कीं, अवकाश ही सुद्धां एक संपत्ति आहे, आणि ती फार विषम वांटली गेली आहे. जें एका सधन कुटुंबानें आपल्या मुलाला दिलें, तें गांवाच्या शाळेनें, वाचनालयानें, ग्रामपंचायतीनें थोड्या प्रमाणांत तरी देतां येईल. शाळेच्या आवारांतील एक बाभूळ, एक विहीर, एक वही आणि पाहणाऱ्या मुलाला ‘वेळ वायां घालवूं नकोस’ असें न म्हणणारा शिक्षक, एवढ्यानेंहि पुष्कळ होतें.

आणि ज्यांच्यापाशीं समुद्रकांठीं घर आहे, त्यांच्याशींहि दोन शब्द. आज किहीम आणि आवासच्या वाटेवर बंगल्यांची दाटी झाली आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारी घेऊन जाणारी मोठी बोट चालते. बैलगाडीची गोष्ट इतिहासजमा झाली. भरतीरेषेपासून पांचशें मीटरच्या पट्ट्यांत बांधकामास आळा घालणारा नियम १९९१ सालीं आला, पुढें २०११ व २०१९ सालीं तो बदलला. नियम असो वा नसो, भाताचें खाचर बुजलें, माड तुटला आणि विहिरीवर झांकण पडलें, कीं सुगरणीला विणावयास पातें मिळत नाहीं आणि टांगावयास फांदी. मग घर राहतें, कुंपण राहतें, आणि ज्यासाठीं आलों तें तेवढें नाहींसें होतें.

घराची योग्यता त्याच्या भिंतींनीं ठरत नाहीं. तेथें राहून कोणीं काय पाहिलें यावरून ठरते. येत्या पावसाळ्यांत आपण कोंकणांत असा वा आमच्या मराठवाड्यांत, एखाद्या विहिरीवर लोंबणारा अर्धा खोपा दिसला तर क्षणभर थांबा, आणि बरोबर लेकरूं असेल तर त्याचा हात ओढून त्याला पुढें नेण्याची घाई करूं नका.